ब्रेकचे पैसे दोनदा का द्यायचे?



या पानावर मी आजवर लोणची, भाद्रपदातले उपवास, घरखर्चाची वही, असंच लिहीत आले. आज गाडीवर लिहिते आहे, आणि जरा कडक लिहिणार आहे. कारण आपल्या घरांत एक नवा खर्च हळूच शिरतो आहे आणि त्याबद्दल बायका काही बोलत नाहीत. गाडी घेतली, पैसे भरले, बोनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ ठेवला. वर्षभराने फोन येतो, ‘मॅडम, नवीन अपडेट आलंय. गाडी वळणावर स्थिर राहील, ब्रेक छान लागेल. इतके हजार.’ घरातले पुरुष म्हणतात, घेऊन टाकू, लाखांच्या गाडीत हजारांचं काय! आणि आपण चहा टाकायला आत जातो, कारण गाडी हा आपला विषय नाही असं आपणच ठरवलेलं असतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. ज्या बदलाने गाडी जास्त आवरते, त्याचे वेगळे पैसे मागणं हा विकणाऱ्याच्या मापातला दोष आहे. ज्या बदलाने गाडी नुसती जास्त पळते, त्याचे पैसे देणं हा आपल्या व्रतातला दोष आहे. या दोन्हींची गाठ एका पाकिटात बांधून विकली जाते, आणि तिथेच आपली फसगत होते.

आधी हे अपडेट म्हणजे काय ते समजून घेऊ. पूर्वी गाडी सुधारायची म्हणजे मेकॅनिककडे नेऊन नवे ब्रेक-शू, नवे टायर टाकायचे. काहीतरी वस्तू बदलली जायची आणि जुनी वस्तू तो आपल्याला दाखवायचा. आता गाडीत छोटे छोटे कॉम्प्युटर असतात. ब्रेक दाबल्यावर कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा, चाक घसरू लागलं तर तो किती सोडायचा, स्टिअरिंग किती हलकं ठेवायचं, अॅक्सिलरेटर सोडल्यावर इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरने गाडी किती ओढून धरायची, यातलं बरंच काही आतला प्रोग्राम ठरवतो. प्रोग्राम बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो. एक स्क्रूही फिरवावा लागत नाही.

यात दोन प्रकार आहेत. एकात गाडी विकल्यानंतर कोणीतरी खरंच नवं काम करून ती सुधारलेली असते. दुसऱ्यात सगळं आधीपासून गाडीत असतं, फक्त कुलूप लावलेलं असतं आणि पैसे घेऊन ते उघडलं जातं. मिक्सर तुमच्या ओट्यावर, मोटर तुमची, भांडं तुमचं, विजेचं बिल तुमचं, पण तिसरा वेग कंपनीच्या कुलपात! असा मिक्सर आपण दुकानातून उचलला असता का? गाडी मात्र उचलतो.

आता उदाहरणं पाहू, म्हणजे मी हवेत बोलते असं वाटायला नको.

टाटांची नेक्सॉन इलेक्ट्रिक गाडी पुण्याजवळ रांजणगावला बनते. जुलै २०२२ मध्ये कंपनीने तिची नवी आवृत्ती काढली. त्यात अॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी किती ओढून धरायची याचे वेगवेगळे टप्पे आले, टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना आली. आणि जुन्या २२,००० हून अधिक मालकांनाही तेच अपडेट मोफत द्यायचं ठरलं. त्याचबरोबर असंही सांगितलं गेलं की हे पहिलं अपडेट मोफत, पुढच्यांना पैसे पडतील. पहिला भाग वाचून मला आनंद झाला. दुसऱ्या भागावर मी पेन्सिलने रेघ ओढली.

दुसरं उदाहरण बजाजच्या चेतकचं. आपल्या पिढीला चेतक म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची स्कूटर. ती आता विजेवर चालते. पुणे आणि बंगळूरुनंतर लवकरच, जुलै २०२१ मध्ये, नागपुरात तिचं बुकिंग सुरू झालं होतं. तिच्या अर्बेन या मॉडेलला ‘टेकपॅक’ नावाचा वेगळे पैसे भरून घ्यायचा संच आला. तो नसेल तर सर्वाधिक वेग ताशी ६३ कि.मी., असेल तर ७३. त्याच संचात स्पोर्ट मोड, आणि त्याच संचात ‘हिल होल्ड’, म्हणजे चढावर थांबल्यावर गाडी मागे घसरू न देणारी सोय. राणा प्रतापांच्या ज्या घोड्याचं नाव या गाडीला आहे, त्याने नाला ओलांडण्याआधी वेगळा संच मागितला नव्हता.

तिसरं उदाहरण मर्सिडीजचं. त्यांची ईक्यूएस ही महागडी गाडी २०२२ मध्ये आपल्या चाकणलाही जोडली जाऊ लागली. २०२१ मध्ये जर्मनीत या गाडीची मागची चाकं साडेचार अंशांपर्यंत वळत असत. दहा अंशांपर्यंत वळवायची असतील तर वर्षाला ४८९ युरो. यंत्र तेच, चाकं तीच, फक्त दर वर्षी भाडं भरायचं. मर्सिडीज आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात येईल, पण ज्या चाली महाग गाड्यांत येतात त्या चार-पाच वर्षांत स्वस्त गाड्यांत उतरतात, हे आपण पाहत आलो आहोत.

आणि उलटं उदाहरणही सांगते. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या संस्थेने टेस्लाची मॉडेल ३ ही गाडी तपासली. ताशी ६० मैल वेगावरून थांबायला तिला १५२ फूट लागले. संस्थेने ते जाहीर केलं. थोड्याच दिवसांत कंपनीने सर्व गाड्यांना दूरवरून अपडेट पाठवलं आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबू लागली. १९ फुटांचा फरक. तेवढ्यात रस्ता ओलांडणारं एक मूल मावतं. त्याचे पैसे मागितले नाहीत, आणि मागितले असते तर लोकांनी काय म्हटलं असतं विचार करा.

आता हिशोब. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. गृहिणी झाले तरी खर्चपत्रक विसरले नाही. वस्तूची किंमत म्हणजे माल, मजुरी, वरखर्च आणि नफा. हिल होल्डला लागणारं जे काही आहे ते गाडीत बसवलेलं आहे, म्हणजे त्याचा माल आपल्या पहिल्याच बिलात आला. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलामुलींचा पगार आहे, तो मान्य. पण तो प्रोग्राम एकदा लिहिला की दहा हजार गाड्यांत घालायला आणि दहा हजार एकाव्या गाडीत घालायला जवळजवळ सारखाच खर्च. म्हणून कुलूप उघडायला मागितलेली रक्कम ही खर्चावरून ठरलेली नसते. गिऱ्हाईक किती सोसेल यावरून ठरलेली असते. आणि वार्षिक भाडं असेल तर पाहा गंमत. कर्जाचं व्याज आपलं, विमा आपला, घसारा आपला, आणि आपल्याच मालमत्तेचं भाडंही आपल्यालाच. असा ताळेबंद मी परीक्षेत लिहिला असता तर नापास झाले असते.

आता धर्माकडे येऊ. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी स्वाध्यायात आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार वाचला आहे. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार त्यात सांगितले आहेत. चोरीला प्रोत्साहन देणं आणि चोरीचा माल घेणं तर आहेच, पण त्यांच्याच पंगतीला माप-वजन कमी-जास्त ठेवणंही बसवलं आहे. विचार करा, कमी माप देणारा व्यापारी कोणाच्या घरात शिरून चोरी करत नाही. गिऱ्हाईक स्वतःहून पैसे देतं. तरी तो अचौर्याचा दोष, कारण गिऱ्हाईकाला वाटतं पूर्ण शेर मिळाला, आणि तो मिळालेला नसतो. गाडी ‘सुरक्षित’ म्हणून विकायची आणि तिच्या सुरक्षिततेचा काही भाग कुलपात ठेवायचा, हे मला त्याच मापाचं वाटतं. आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या दुकानं आहेत. तराजू काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही खरे आहेत, म्हणून नीट उत्तर देते.

पहिला आक्षेप: ज्याला नको त्याला गाडी स्वस्त मिळते, त्यात वाईट काय? काहीच वाईट नाही, गोष्ट चैनीची असेल तर. गाणी, रंगीत पडदा, मोबाइलवरून हॉर्न वाजवणं, हे ज्याला हवं त्याने पैसे देऊन घ्यावं. पण हिल होल्ड कोणाला लागतं? पंचवीस वर्षांच्या मुलाला नाही, तो पाय टेकून उभा राहतो. लागतं ते उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत अडकलेल्या, पुढे भाजीची पिशवी आणि मागे नातू असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला. आणि तिला ते हवं असेल तर तिने स्पोर्ट मोडही विकत घ्यावा! मुलगा वेगासाठी पाकीट घेतो, आई तोल जाऊ नये म्हणून घेते, आणि दोघांना किंमत एकच. याला निवड म्हणत नाहीत. मिठासोबत अत्तराची बाटली घ्यायला लावण्यासारखं आहे हे.

दुसरा आक्षेप: मोफत मागत राहिलात तर कंपनी सुधारणाच करणार नाही. हाही विचार करण्यासारखा आहे. कष्टाचा मोबदला न देणं हे आपल्याला शोभत नाही. पण मी मोफत मागतच नाही. मी म्हणते, ब्रेक, स्टिअरिंग आणि तोल यांचा पुढच्या काही वर्षांचा खर्च पहिल्याच किमतीत धरा आणि तसं लिहून द्या. किंमत थोडी वाढली तर वाढू दे. निदान दुकानात उभं राहून दोन गाड्यांची तुलना तरी करता येईल. गाडी घरी आल्यावर तुलना कसली? दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम आपल्या गाडीत घालता येत नाही. तेव्हा आपण बांधलेलं गिऱ्हाईक असतो.

१९५९ मध्ये व्हॉल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट तयार केला. कंपनीने तो पेटंट असूनही इतर सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला. कंपनी बुडाली नाही. आज आपण कुठल्याही गाडीत बसून जो पट्टा लावतो तो तोच. चार दानांत आपण अभयदान मोठं मानतो. व्यापारी माणूस धंदा सांभाळूनही ते करू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता आपल्या बाजूचे दोष. कारण कंपनीला बोलणं सोपं असतं.

हल्ली कुलूप उघडून देणारे हुशार लोक गल्लोगल्ली निघाले आहेत. ‘कंपनी आठ हजार मागते, मी दोनात करून देतो.’ आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि कौतुकाने सांगतात. मैत्रिणींनो, हे करू नका. कंपनीचं माप खोटं म्हणून आपला हात खरा होत नाही. न दिलेलं घेणं ते न दिलेलं घेणंच. शिवाय ब्रेक आणि मोटर यांच्या प्रोग्रामला कोणी अनोळखी माणसाने हात लावला की वॉरंटीचा प्रश्न येतो, विम्याचा प्रश्न येतो, आणि मुख्य म्हणजे ती गाडी ऐन वेळी काय करेल याची खात्री कोणालाच देता येत नाही. भांडायचं तर समोरून भांडू.

दुसरा दोष वेगाचा. ६३ आणि ७३ चा हिशोब करून पाहा. दहा किलोमीटर सलग मोकळा रस्ता मिळाला, जो मिळत नाही, तरी वाचतात फक्त सव्वा मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात नऊ वेळा णमोकार मंत्रही नीट म्हणून होत नाही. आणि वेग सोळा टक्क्यांनी वाढला तरी गाडी थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा चौतीस टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे पैसे देऊन आपण थांबणं अवघड करून घेतो. कोराडी रोडवर राखेचे ट्रक, बस, देवीच्या दर्शनाला आलेल्या गाड्या आणि मधेच आडवं येणारं कुत्रं, यांच्यातून कोणाला ७३ ने जायचं आहे?

परिग्रह-परिमाणाच्या अतिचारांत रत्नकरंडकात पहिलंच नाव आहे अतिवाहन. लोभापायी जनावराला त्याच्या शक्तीबाहेर पळवणं, असा त्याचा अर्थ सांगतात. त्या काळी बैल होते. आज बैल नाही म्हणून दोष गेला असं नाही. इलेक्ट्रिक गाडी धूर सोडत नाही हे खरं, पण आम्ही कोराडीकर जाणतो की धूर कुठून निघतो. आमच्या इथल्या केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच कोळशावर चालतात, आणि दोरीवरच्या कपड्यांवर राख कशी बसते ते इथल्या बायकांना विचारा. जास्त वेग म्हणजे जास्त वीज, जास्त वीज म्हणजे जास्त कोळसा. आपले मुनिमहाराज चातुर्मासात जीवजंतू पायाखाली येऊ नयेत म्हणून विहार थांबवतात. त्याच पावसाळ्यात आपण स्पोर्ट मोड चालू करून त्यांच्या दर्शनाला जायचं, हे मला पटत नाही. श्रावकाला गाडी लागते, ती वापरावी. पण यत्नाचाराने वापरावी.

मग करायचं काय? गाडी घेतानाच, सही करण्याआधी, हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. ब्रेक, स्टिअरिंग आणि तोल यांची अपडेट किती वर्षं मोफत मिळतील? जी सोय वेगळे पैसे देऊन मिळते तिचे भाग गाडीत आधीच आहेत का? पैसे एकदाच द्यायचे की दर वर्षी? गाडी विकली तर ती सोय नव्या मालकाला जाईल की आपल्याबरोबर संपेल? अपडेटनंतर काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची? शोरूममधला मुलगा गडबडेल. गडबडू द्या. ‘वरून विचारून सांगतो’ म्हणाला तर थांबा. चेक आपल्या पर्समध्ये आहे तोवरच आपलं ऐकलं जातं.

आणि आधीच गाडी घरात असेल, सुरक्षिततेची सोय पैसे दिल्याशिवाय मिळतच नसेल, आणि घरातली सून किंवा म्हातारी आई तीच गाडी चालवत असेल तर? तर पैसे भरा. जीव आधी, वाद नंतर. पण पावती घ्या, आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा की ही गोष्ट मूळ किमतीत हवी होती. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, ग्राहक पंचायत आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. नुसत्या वेगासाठीचं पाकीट असेल तर मात्र घरात ठामपणे नाही म्हणा, मुलगा रुसला तरी.

‘एका बाईच्या पत्राने काय होतं?’ असं म्हणू नका. एबीएस ही सोय आपल्याकडे कित्येक वर्षं वरच्या मॉडेलमध्येच मिळायची, पैसे असतील त्याला. एप्रिल २०१९ पासून ती सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली. बीएमडब्ल्यूने गरम होणाऱ्या सीटचं महिन्याचं भाडं २०२२ मध्ये काही देशांत लावून पाहिलं, लोक चिडले, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने माघार घेतली. ओला इलेक्ट्रिकने स्कूटरच्या चार्जरचे वेगळे घेतलेले पैसे परत देण्याचं मे २०२३ मध्ये जाहीर केलं, कारण अनुदानाच्या नियमांवरून सरकारने कंपन्यांना धारेवर धरलं होतं. ‘हे आमच्या किमतीतच होतं’ असं कोणीतरी म्हणत राहिलं की रेषा सरकते.

घरात तेलाचा डबा आला तर आपण झाकण पाहतो, वजन पाहतो, दुकानदाराने पन्नास ग्रॅम मारले तर परत पाठवतो. त्याच डोळ्यांनी गाडीचं बिल वाचा. यंदा धनतेरसला ज्यांच्या घरी गाडी येणार आहे त्यांनी वरचे प्रश्न कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, आणि काय उत्तरं मिळाली ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.